दम्यातले इओसिनोफिल: रक्ताच्या रिपोर्टपासून पॉलिपच्या बाटलीपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात खोकला दोन-तीन आठवडे हटला नाही की रक्त तपासलं जातं, एक आकडा वाढलेला निघतो आणि घरी निरोप येतो, ‘इस्नोफिलिया झालाय.’ इस्नोफिलिया हे आजाराचं नाव नाही. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. इओसिन हा लालसर रंग ही पेशी भरभरून घेते, म्हणून पॉल एर्लिख यांनी १८७९ साली तिला हे नाव दिलं. ती हाडांच्या मगजात तयार होते, रक्तात जेमतेम दिवसभर राहते आणि मग श्वासनळीच्या, नाकाच्या किंवा आतड्याच्या ऊतींमध्ये मुक्कामाला जाते. निपाणीच्या रस्त्यावरून गेलेल्या गाड्या मोजून वखारीत किती तंबाखू साठलाय ते नक्की सांगता येत नाही; रक्तातल्या आकड्याचंही तसंच आहे. तो उपयोगी आहे, स्वस्त आहे, पण सूज ऊतीत असते.

त्यामुळे सगळ्यात आधी एक नियम. रक्त, बेडका, नाकातला तुकडा, कोणताही नमुना स्टेरॉइडच्या आधी घ्यायचा. प्रेडनिसोलोनची गोळी किंवा डेक्सामेथासोनचं इंजेक्शन गेल्यावर काही तासांतच रक्तातले इओसिनोफिल कोसळतात. नंतरचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट फसवा असतो आणि तोच पुढे वर्षभर फाइलमध्ये राहतो. दम लागलेला रुग्ण दारात आला तर नमुन्यासाठी उपचार अडवायचे नाहीत, हे उघड आहे. पण शिरेत सुई लावतानाच जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत २ मिली रक्त घेऊन ठेवायला अर्धा मिनिटही लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात एवढी एक सवय लागली तरी पुढचं निदान खूप सोपं होईल.

पहिली पायरी: दमा आहे हे आधी ठरवा

इओसिनोफिल वाढले म्हणून दमा ठरत नाही आणि नॉर्मल आले म्हणून तो नाकारता येत नाही. दमा ठरतो तो श्वासाच्या चढउतारावरून. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून फुफ्फुसाची हवा मोजण्याच्या तपासणीत, नळी मोकळी करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे ४ पफ (४०० मायक्रोग्रॅम) देऊन १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला सांगतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिली, अशी दोन्ही मापांनी वाढली तर दम्याच्या बाजूने भक्कम पुरावा मिळतो. स्पायरोमेट्रीची सोय जवळ नसेल तर साधा पीक फ्लो मीटर घ्या. दोन आठवडे रोज सकाळी आणि संध्याकाळी, पंप घेण्याआधी, तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा. सकाळी ३२० आणि संध्याकाळी ४०० आला तर फरक ८०, सरासरी ३६०, म्हणजे त्या दिवसाचा चढउतार २२ टक्के. दोन आठवड्यांची सरासरी मोठ्यांत १० आणि मुलांत १३ टक्क्यांच्या वर गेली तर ती दम्याकडे बोट दाखवते.

मीटरवर चूक कुठे होते? ओठ नळीभोवती घट्ट मिटलेले नसतात, नाहीतर फुंकण्याऐवजी थुंकल्यासारखा झटका दिला जातो आणि आकडा खोटा वर जातो.

दुसरी पायरी: रक्ताचा आकडा नीट वाचा

रिपोर्टात बहुधा टक्का असतो, पण कामाची असते ती रक्ताच्या एका मायक्रोलिटरमधली एकूण संख्या. एकूण पांढऱ्या पेशींना इओसिनोफिलच्या टक्क्याने गुणून १०० ने भागा. पेशी १२,००० आणि टक्का ३ असेल तर ३६०. पेशी ४,५०० आणि टक्का ६ असेल तर २७०. टक्का दुप्पट, तरी संख्या कमी! ‘६ टक्के म्हणजे वाढलेत’ हे म्हणणं इथेच कोसळतं.

हा टक्का काढला कसा, तेही विचारा. काचपट्टीवर १०० पेशी मोजून ३ इओसिनोफिल सापडले तर खरं प्रमाण ०.६ पासून ८.५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. एकूण पेशी ८,००० धरल्या तर हा पट्टा साधारण ५० ते ६८० होतो. अशा आकड्यावर उपचार ठरवू नयेत. मशीनवरचा काउंट मागा, किंवा टेक्निशियनला निदान ४०० पेशी मोजायला सांगा.

वेळेचाही फरक पडतो. रात्री आणि पहाटे आकडा चढतो, सकाळ उलटून दुपारकडे जाताना उतरतो. म्हणून तुलना करायची असेल तर तीच लॅब आणि साधारण तीच वेळ ठेवा. स्टेरॉइडचा कोर्स झाला असेल तर एक-दोन आठवडे थांबून तपासा. एकदाच कमी आला म्हणून सोडू नका, वेगवेगळ्या दिवशी तीनदा तपासायला हरकत नाही.

आकड्याचा अर्थ ढोबळपणे असा. ५०० च्या आत सर्वसाधारण. पण स्टेरॉइडचा पंप भरपूर मात्रेत नियमित घेऊनही दमा आटोक्यात नसेल, तर १५० चा आकडासुद्धा ‘टाइप २’ (इओसिनोफिल-अॅलर्जीच्या जातीची) सूज टिकून असल्याचं सुचवतो. ३०० च्या वर ते अधिक ठाम होतं. लॅबची नॉर्मल मर्यादा आणि दम्यात निर्णय घेण्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॉर्मल रिपोर्ट बघून ‘काही नाही’ म्हणणं हे इथलं नेहमीचं चुकणं.

तिसरी पायरी: आकडा फार मोठा असेल तर दम्यावर थांबू नका

१,५०० च्या वर आकडा गेला की आधी जंत आठवा. उसात, भातात अनवाणी काम करणाऱ्यांना हुकवर्म आणि स्ट्राँगिलॉइडिस यांची लागण पायाच्या कातडीतून होते. शौचाचे नमुने वेगवेगळ्या दिवशी तीनदा तपासावेत. स्ट्राँगिलॉइडिस एका नमुन्यात सहज निसटतो, अल्बेंडाझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या एका गोळीने भरवशाने जात नाही आणि तो पोटात असताना स्टेरॉइडचे मोठे डोस दिले तर अंगभर पसरून जिवावर बेततो. शंका असेल तर तज्ज्ञाच्या सल्ल्याने आयव्हरमेक्टिन, वजनाच्या किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, आधी दिलं जातं.

आकडा ३,००० च्या वर, खोकला मुख्यतः रात्रीचा, वजन उतरलेलं, आणि रुग्ण हत्तीरोगाच्या पट्ट्यात राहून आलेला असेल, मग तो कलबुर्गी-बिदरकडचा असो की किनारपट्टीचा, तर ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया, म्हणजे हत्तीरोगाच्या जंतांमुळे फुफ्फुसात होणारा आजार, धरून तपासावं. यात रक्तात मायक्रोफायलेरिया (त्या जंतांची पिल्लं) सहसा सापडत नाहीत, फायलेरियाविरोधी प्रतिपिंडं मात्र खूप वाढलेली असतात. उपचार डीईसी हे हत्तीरोगावरचं औषध, किलोमागे रोज ६ मिलिग्रॅम, तीन आठवडे. या आजारावर डीईसी खरोखर गुणकारी आहे. पण ६०० आकडा असलेल्या साध्या दमेकऱ्याला दरवर्षी २१ दिवस डीईसी देणं म्हणजे त्याच्या पंपाचे महिने वाया घालवणं.

खानापूर, जांबोटी, लोंढ्याकडच्या पावसाळी घरांत, भिजलेल्या कडब्यात, चिपाडाच्या ढिगात बुरशी असते. दमेकऱ्याला घट्ट तपकिरी बेडके पडत असतील तर एकूण आयजीई (रक्तातलं अॅलर्जीचं प्रतिपिंड) आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशीविरुद्धचं आयजीई तपासा. एकूण ५०० युनिटच्या वर आणि अ‍ॅस्परजिलसचं ०.३५ किंवा त्याहून जास्त असेल तर एबीपीए, म्हणजे छातीतल्या या बुरशीच्या अॅलर्जीच्या आजाराच्या दिशेने सीटी स्कॅनपर्यंत जावं लागतं. आणि दम्यासोबत हातापायाला मुंग्या, पाऊल लुळं पडणं, अंगावर जांभळे डाग आणि १,००० च्या वर आकडा असं एकत्र दिसलं तर रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. तिथे आठवडाभरही थांबू नये.

चौथी पायरी: श्वास आणि बेडका

श्वासातला नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे फेनो, मोजायला छोटं यंत्र लागतं. ते बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, मिरजेच्या बाजूला कुठे आहे हे फोन करून विचारूनच निघा. स्पायरोमेट्रीच्या आधी फेनो करायचं. तासभर आधी खाणं-पिणं, विडी-सिगारेट नको, आदल्या जेवणात पालक-बीट नको. मोठ्यांत २५ पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत २५ भाग) खाली इओसिनोफिलची सूज असण्याची शक्यता कमी, ५० च्या वर दाट. मुलांत हेच आकडे २० आणि ३५. विडी ओढणाऱ्यात फेनो खोटा खाली येतो, म्हणून कमी आकड्यावर विसंबू नका.

बेडक्यातल्या पेशी मोजणं ही ऊतीच्या सर्वांत जवळची, कापाकापी न करता होणारी तपासणी. २००२ साली लेस्टरमध्ये ७४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात बेडक्यातल्या इओसिनोफिलवर बेतून औषध दिलं, तेव्हा दम्याचे मोठे झटके नेहमीच्या पद्धतीच्या मानाने १०९ वरून ३५ वर आले. आपल्याकडे आधी बेडका टीबीसाठी तपासावा, आणि बेडका काढण्याची क्रिया खेळती हवा असलेल्या खोलीतच करावी. रुग्णाला आधी साल्ब्युटामॉल द्यायचं, मग ३ ते ५ टक्के मिठाच्या पाण्याची नेब्युलायझरमधली वाफ पाच-पाच मिनिटांच्या टप्प्यांनी. प्रत्येक टप्प्यानंतर फुंकून बघायचं आणि २० टक्के घसरण झाली की थांबायचं. नमुना दोन तासांत लॅबमध्ये हवा. थुंकी बाजूला करून घट्ट भाग निवडायचा, त्याच्या चौपट ०.१ टक्के डीटीटी (चिकटपणा तोडणारं रसायन) घालून विरघळवायचा, गाळायचा, पट्टी रंगवून ४०० पेशी मोजायच्या. ३ टक्के किंवा जास्त इओसिनोफिल म्हणजे सूज आहे. पट्टीवर गालाच्या चपट्या पेशींचीच गर्दी असेल तर ती थुंकी आहे. तो आकडा लिहूच नये, नमुना पुन्हा मागावा.

पाचवी पायरी: ऊतीचा तुकडा

दम्यासाठी श्वासनळीची बायोप्सी रोजच्या व्यवहारात करत नाहीत, आणि करूही नये. पण दमेकऱ्याच्या नाकात पॉलिप, म्हणजे अस्तराचा मऊ फुगवटा, असेल, वास गेला असेल आणि कान-नाक-घसा सर्जन पॉलिप काढणार असतील, तर ऊत आयतीच हातात येते. नाक आणि श्वासनळी एकाच वाटेची दोन टोकं आहेत. ही संधी बहुतेक वेळा वाया जाते, आणि जाते ती बाटलीत.

तालुक्याच्या गावात ऑपरेशननंतर तुकडा नातेवाइकाच्या हातात देतात आणि तो बसने मोठ्या गावच्या लॅबमध्ये जातो. तेव्हा बाटली रुंद तोंडाची हवी. फॉर्मलिनमध्ये, म्हणजे ऊत टिकवणाऱ्या द्रवात, तुकडा कडक होतो आणि अरुंद तोंडातून बाहेरच निघत नाही, मग तो ओढताना चुरतो. द्रव तुकड्याच्या दहापट हवा. सलाइनमध्ये टाकलेला तुकडा उन्हाळ्यात बेळगावला पोहोचेपर्यंत कुजायला लागतो. सलाइन फक्त बुरशी-जंतूंच्या कल्चरसाठी, आणि तो नमुना वेगळ्या निर्जंतुक डबीत. नाव, तारीख, डावी की उजवी बाजू हे बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको, कारण झाकणं बदलतात. फॉर्मलिनची बाटली बर्फात किंवा फ्रीजरमध्ये ठेवू नका. दोन पिशव्यांत उभी बांधा, आणि ती स्वतः दमेकऱ्याच्या हातात देऊ नका, कारण त्या वासाने त्याला झटका येऊ शकतो.

फॉर्मलिन लॅबमध्येच बनवत असाल तर १०० मिली तीव्र फॉर्मलिन, ९०० मिली पाणी, ४ ग्रॅम मोनोसोडियम फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम फॉस्फेट. फॉस्फेट टाळलं तर द्रव आम्लधर्मी होतो आणि पट्टीवर तपकिरी-काळे ठिपके पडतात. तुकडा ६ तासांपेक्षा कमी भिजवू नये, एक-दोन दिवस पुरेत. काप ३ ते ४ मायक्रॉनचा. इओसिनचा हात जड झाला की सगळंच गुलाबी दिसतं आणि न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही इओसिनोफिल वाटायला लागतात. तांबड्या रक्तपेशी इओसिनोफिलच्या कणांपेक्षा वेगळ्या छटेच्या दिसल्या पाहिजेत, हीच रंगाची परीक्षा.

आता मोजणी. युरोपच्या २०२० सालच्या सायनसविषयक मार्गदर्शनानुसार ४०० पट मोठं करून एका क्षेत्रात १० किंवा जास्त इओसिनोफिल असतील तर पॉलिप इओसिनोफिलिक. पण ‘एक क्षेत्र’ केवढं? आयपीसवर (डोळ्याकडच्या भिंगावर) लिहिलेला फील्ड नंबर ४० ने भागला की व्यास मिळतो. नंबर १८ असेल तर क्षेत्रफळ ०.१५९ चौरस मिलिमीटर, २० असेल तर ०.१९६ आणि २२ असेल तर ०.२३८. म्हणजे तोच ‘१०’ एका मायक्रोस्कोपवर दर चौरस मिलिमीटरला ६३ आणि दुसऱ्यावर ४२ होतो. म्हणून रिपोर्टात क्षेत्रफळ लिहायला हवं. कमी पटीत पट्टी फिरवून दाट जागा शोधा, पृष्ठभागाच्या अस्तराखालच्या थरात निदान पाच क्षेत्रं मोजा, चुरगळलेल्या आणि रक्तस्राव झालेल्या जागा सोडा.

नुसती पेशींची संख्याही पूर्ण गोष्ट सांगत नाही. इओसिनोफिल फुटला की त्याचे कण ऊतीत विखुरतात आणि पेशी म्हणून मोजलाच जात नाही. हे कण म्हणजे मेजर बेसिक प्रोटीन, इओसिनोफिल पेरॉक्सिडेज, कॅटायनिक प्रोटीन आणि न्यूरोटॉक्सिन. श्वासनळीचं अस्तर सोलून निघतं ते यांच्यामुळे. त्यांचे खास इम्युनो रंग नेहमीच्या लॅबमध्ये मिळत नाहीत, पण साध्या पट्टीवरही विखुरलेले गुलाबी कण आणि टोकदार शार्को-लायडन स्फटिक दिसतात. फुटलेल्या इओसिनोफिलमधल्या गॅलेक्टिन-१० या प्रथिनाचे हे स्फटिक म्हणजे तिथे घडून गेलेल्या लढाईची खूण. नाकातून शेंगदाणे वाटून केलेल्या लोण्यासारखा घट्ट चिकट द्रव निघाला तर तो फेकू नका, वेगळा पाठवा. त्यात स्फटिक आणि बुरशी शोधायची असते.

फॉर्मवर सर्जननी चार गोष्टी लिहायलाच हव्यात: दमा आहे का, वेदनाशामक गोळीने दम लागतो का, ऑपरेशनआधी प्रेडनिसोलोन किती दिवस किती मात्रेत दिलं, आणि इओसिनोफिलची क्षेत्रागणिक संख्या हवी आहे. हे न लिहिल्यास ‘इन्फ्लमेटरी नेझल पॉलिप’ एवढंच उत्तर येतं आणि पॅथॉलॉजिस्टचा त्यात दोष नसतो. तसं झालंच असेल तर लॅबकडून ब्लॉकचा नंबर घेऊन ठेवा. मेणातला ब्लॉक टिकाऊ असतो, त्यातून नवा काप घेऊन संख्या नंतरही मोजता येते.

सहावी पायरी: उपचार

इओसिनोफिलच्या सुजेवर मुख्य औषध श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड. सोबत नळी मोकळी करणारं फॉर्मोटेरॉल. ब्युडेसोनाइड (हे स्टेरॉइड) २०० आणि फॉर्मोटेरॉल ६ मायक्रोग्रॅम असं एकत्र औषध नियमितही घेता येतं आणि धाप लागल्यावरही. मोठ्यांनी दिवसाला एकूण १२ पफच्या वर जाऊ नये. नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमेकऱ्याला ठेवू नये, असं जागतिक मार्गदर्शन २०१९ पासून स्पष्ट सांगतं. साल्ब्युटामॉल नळी मोकळी करतं, सूज तशीच राहते.

औषध वाढवण्याआधी रुग्णाला समोर बसवून पंप घ्यायला लावा. रोटाकॅप (पंपात टाकून ओढायच्या पावडरीची कॅप्सूल) गिळणारे रुग्ण आजही भेटतात. पंप दाबण्याआधीच श्वास घेतलेला असतो, कॅप्सूल फुटलेली नसते, १० सेकंद श्वास रोखलेला नसतो. स्प्रे असेल तर स्पेसर द्या, नंतर चूळ भरून थुंकायला सांगा. भरपूर मात्रा लिहून दिलेली असताना फेनो आणि इओसिनोफिल दोन्ही चढलेले असतील, तर पहिला संशय औषध छातीत पोहोचत नाही हाच घ्यावा.

उलट, पाचट जळतंय, गुऱ्हाळाचा धूर आहे, चुलीसमोर आयुष्य गेलंय, किंवा उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या धुळीत काम आहे, आणि इओसिनोफिल सतत १०० च्या खाली आहेत, तर ती सूज बहुधा वेगळ्या जातीची असते. सीओपीडी (धूर-विडीने नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) ठरला असेल तर १०० च्या खाली स्टेरॉइडच्या पंपाचा फायदा फारसा होत नाही, ३०० च्या वर होतो. अशा माणसाला स्टेरॉइड वाढवत नेण्यापेक्षा विडी सोडवणं आणि धुरापासून लांब ठेवणं जास्त कामाचं. पण हाच नियम खऱ्या दमेकऱ्याला लावून त्याचा पंप मात्र बंद करू नका.

मोठा झटका आला तर मोठ्यांना प्रेडनिसोलोन ४० ते ५० मिलिग्रॅम, ५ ते ७ दिवस. एक छोटा कोर्ससुद्धा २०० मिलिग्रॅमचा होतो, असे पाच झाले की १,००० मिलिग्रॅम. आयुष्यात एकूण ५०० ते १,००० मिलिग्रॅम एवढ्यावरच हाडं ठिसूळ होणं, मधुमेह, मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. वाक्य पुरं बोलता येत नसेल, श्वास मिनिटाला ३० च्या वर, ओठ निळे, ऑक्सिजन ९० च्या खाली असेल तर १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे ४ ते १० पफ दर २० मिनिटांनी देत राहा.

पंप नीट घेऊनही वर्षात वारंवार झटके येत असतील तर जैविक इंजेक्शनांचा विचार होतो. ती महाग आहेत, म्हणून निवड अचूक हवी. मेपोलिझुमॅब या इओसिनोफिल घटवणाऱ्या इंजेक्शनच्या सुरुवातीच्या अभ्यासांत इओसिनोफिल न बघता रुग्ण घेतले होते आणि औषध अपयशी वाटलं. २००९ साली बेडक्यात इओसिनोफिल असलेलेच रुग्ण निवडले, तेव्हा झटके कमी झाले. २००३ साली याच औषधानंतर बायोप्सी केल्या, तेव्हा रक्तातले इओसिनोफिल जवळपास संपले होते, पण श्वासनळीच्या अस्तरात निम्म्याच्या आसपासच, ५५ टक्के, कमी झाले होते. बेनरालिझुमॅब पेशी मारूनच टाकतं, त्यामुळे ऊतीतही ते जास्त साफ करतं. डुपिलुमॅब पेशींना रक्तातून ऊतीत शिरू देत नाही, म्हणून सुरुवातीला रक्तातला आकडा वाढलेला दिसू शकतो. तेवढ्यावर औषध फसलं असं ठरवू नये. फायदा चार महिन्यांनी जोखावा, तोही झटके, गोळ्यांची गरज आणि पीक फ्लोवरून. जंतांचा उपचार आधी उरकलेला हवा.

दमा तीन महिने शांत राहिला की स्टेरॉइडच्या पंपाची मात्रा २५ ते ५० टक्क्यांनी उतरवता येते, पूर्ण बंद करायची नाही. वेळ मात्र माणूस बघून निवडायची. पाचटाच्या धुराने ज्याचा दम वाढतो त्याची मात्रा कारखाने पेटायच्या सुमारास उतरवू नका, आणि ओल-बुरशीने ज्याला त्रास होतो त्याची मृगाच्या तोंडावर नको.